कुळागर : बदलत्या हवामानातील वनशेतीचा पाठ

गोमंतकाच्या किनाऱ्याकडून पूर्वेस निघाले की फोंडा तालुक्यापासून भूमीचे स्वरूप पालटू लागते. जांभ्या दगडाची उघडी पठारे मागे पडतात, डोंगरांच्या कुशीतील अरुंद दऱ्या दिसू लागतात आणि त्या दऱ्यांतून पोफळींचे सरळसोट शेंडे वर आलेले दृष्टीस पडतात. सावई-वेरे, केरी, प्रियोळ या परिसरात, तसेच सत्तरी, सांगे व काणकोण तालुक्यांच्या डोंगराळ भागात आढळणाऱ्या या बागांना कुळागर असे नाव आहे.

बाहेरून पाहणारास कुळागर ही सुपारीची बाग वाटते. आत पाऊल टाकल्यावर मात्र तेथे एकाच जमिनीत दहा-पंधरा प्रकारची झाडे, वेली व रोपे एकमेकांच्या आधाराने नांदत असल्याचे दिसून येते. शेती आणि वृक्ष यांची अशी विचारपूर्वक सांगड घालण्याच्या पद्धतीस आज वनशेती किंवा कृषिवानिकी म्हणतात. या विषयाच्या अभ्यासासाठी १९७८ साली एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व पुढे तिचे मुख्यालय केनियातील नैरोबी येथे राहिले. भारतात १९८८ साली झाशी येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले आणि २०१४ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. असे स्वतंत्र धोरण स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला.

ज्या व्यवस्थेचा पुरस्कार आज शास्त्रज्ञ करीत आहेत, तिचा एक परिपक्व नमुना गोव्यातील बागायतदाराच्या घरामागे पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. नेमक्या याच वेळी त्यातील झाडे कमी करून केवळ पोफळीच लावाव्यात, किंवा वरचा डोंगर विकून टाकावा, असा मोह अनेक घरांत उत्पन्न होत आहे. म्हणून कुळागर कसे चालते, बदलत्या हवामानात ते काय देऊ शकते आणि त्याची मर्यादा कोणती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हवामानात झालेला बदल

कोळसा, पेट्रोल, डिझेल इत्यादी इंधने जाळल्याने आणि जंगले तोडल्याने वातावरणातील कर्बवायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचे, प्रमाण वाढत गेले. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीवरून बाहेर पडणारी उष्णता अडवून धरतो. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान वाढले असून, २०२४ हे वर्ष आजवर नोंदलेल्या वर्षांत सर्वाधिक उष्ण ठरले.

उष्ण हवा अधिक बाष्प धारण करते. परिणामी पाऊस पडतो तेव्हा तो अल्पावधीत धो धो कोसळतो आणि मधले कोरडे दिवस वाढतात. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे शास्त्रीय अभ्यासातून आढळले आहे. गोव्यालाही याची चुणूक मिळाली आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार चक्रीवादळाच्या काळात कापणीस आलेले भात पावसात सापडले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने असंख्य झाडे उन्मळून पाडली. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आलेल्या पुराने सत्तरी, डिचोली, फोंडा व धारबांदोडा भागांत घरे आणि बागायती यांची मोठी हानी झाली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात व इतरत्र डोंगरांवर वणवे पेटले.

या परिस्थितीत शेतीपुढे दोन कर्तव्ये येतात. पहिले, बदललेल्या हवामानातही पीक तगून राहील अशी व्यवस्था करणे; यास अनुकूलन म्हणतात. दुसरे, हवेतील कर्बवायू कमी करण्यास यथाशक्ती हातभार लावणे. यास शमन म्हणतात. कुळागर ही दोन्ही कामे करते, परंतु सारख्याच प्रमाणात नव्हे. हा भेद पुढे स्पष्ट होईल.

कुळागराची रचना

कुळागर साधारणतः दोन डोंगरांमधील खोलगट जागी, झऱ्याच्या पाण्यावर वसलेले असते. त्याची रचना एखाद्या मजल्यामजल्यांच्या घराप्रमाणे आहे. सर्वांत वर माड, पोफळ, फणस, आंबा यांचे छत्र. पोफळीच्या व इतर झाडांच्या खोडांवर मिरवेल चढविलेली. त्याखाली जायफळ, कोकम यांसारखी मध्यम उंचीची, सावलीत वाढणारी झाडे. त्याखाली केळी. जमिनीलगत अननस, हळद, आले, सुरण, अळू. सावई-वेरेचा अननस तर गोव्यात प्रसिद्धच आहे.

प्रत्येक मजल्यावरील झाड वरून झिरपणारा प्रकाश आपल्या गरजेपुरता घेते. जमिनीखालीही अशीच वाटणी असते. पोफळीची मुळे बहुतांशी वरच्या थरात पसरतात, तर फणस-आंब्याची मुळे खोल जाऊन तेथील पाणी व अन्नद्रव्ये वर आणतात. ती अन्नद्रव्ये पानांत उतरतात, पाने गळून जमिनीवर कुजतात आणि वरच्या थरातील मुळांना मिळतात. एक हेक्टर पोफळबागेतून वर्षाला सुमारे साडेपाच ते सहा टन सेंद्रिय अवशेष मिळतात. मिश्र बागेत ही सामग्री आणखी वाढते. ती जाळून न टाकता कुजविली, तर बाहेरून आणाव्या लागणाऱ्या खताचा बराच भार हलका होतो.

ऊन आणि पाऊस यांपासून संरक्षण

पोफळ हे नाजूक झाड आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे तीव्र ऊन उघड्या खोडावर पडले की खोड भाजते, त्यावर डाग पडतात, पुढे चिरा जातात आणि अशक्त झालेले खोड वाऱ्याने मोडते. जुने बागायतदार बागेच्या त्या बाजूस उंच, दाट पानांची झाडे राखीत आणि नव्या रोपांना केळीची सावली देत, त्यामागे हेच कारण होते. उन्हाचा ताप जसजसा वाढेल, तसतशी या सावलीची किंमतही वाढणार आहे.

पावसाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. उंच झाडे असली की जमिनीची धूप थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उंच शेंड्यावरून ओघळलेला थेंब खाली येईपर्यंत पुन्हा वेग घेतो आणि खालची जमीन उघडी असल्यास जोराने माती उडवितो. त्याचा वेग मोडण्याचे काम मधली झाडे, केळी, अननस आणि जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर करतात. म्हणून ‘बाग साफ केली’ या समाधानात खालची सर्व झुडपे काढून टाकणारा बागायतदार मुसळधार पावसास आपली माती स्वहस्ते देत असतो. एका पावसात वाहून गेलेला सुपीक थर पुन्हा तयार होण्यास अनेक दशके लागतात.

उत्पन्नाच्या दृष्टीनेही या मजल्यांना महत्त्व आहे. कोकम एप्रिल-मे महिन्यांत येते. जायफळाची फळे मुख्यतः पावसाळ्यात पिकून फुटतात. सुपारी व मिरीची काढणी हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी होते. नारळ आणि केळी वर्षभर थोडेथोडे देत राहतात. एखाद्या वर्षी पावसाने सुपारी गळाली, तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेण्यास घरात केळीचे घड, सोले, मिरी काहीतरी असते. विम्याचा हप्ता न भरता मिळणारे हे संरक्षण होय.

पाण्याचा हिशेब

कुळागराचे खरे भांडवल त्याच्या कुंपणाच्या बाहेर, वरच्या डोंगरावर असते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. या हिशेबाने वर्षभरात एका हेक्टरावर तीन कोटी लिटर पाणी पडते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत बागा तहानलेल्या असतात, कारण पडलेले पाणी डोंगरात मुरले किती आणि नदीवाटे समुद्रास गेले किती, यावर झऱ्याचे आयुष्य अवलंबून असते.

उदाहरणादाखल एक झरा घेऊ. त्याच्या धारेखाली ठेवलेली १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरते असे समजू. म्हणजे मिनिटाला ३० लिटर आणि दिवसाला ४३,२०० लिटर. आता त्याखाली एक हेक्टर निव्वळ पोफळबाग आहे असे धरू. २.७ मीटर अंतराने लावलेल्या अशा बागेत सुमारे १,३७० झाडे बसतात. पाटाने शिंपणे करून उन्हाळ्यात दर चार दिवसांनी प्रत्येक झाडास १७५ लिटर पाणी दिले, तर दिवसाला सरासरी सुमारे ६०,००० लिटर लागतील. हा झरा पुरणार नाही. ठिबक सिंचनाने प्रत्येक झाडास रोज २० लिटर दिले, तर २७,४०० लिटर पुरतील व काही पाणी शिल्लकही राहील.

परंतु वरच्या डोंगरावरील झाडी तुटली, उतार उघडा पडला आणि मे महिन्यात तीच बादली भरण्यास एक मिनिट लागू लागले, तर दिवसाचे पाणी २१,६०० लिटरवर येईल. मग ठिबक संच बसवूनही बाग वाचणार नाही. यंत्रसामग्रीने पाण्याचा वापर काटकसरीने करता येतो. नवे पाणी उत्पन्न करता येत नाही.

झाडेही पाणी पितात, हे खरे आहे. कोणती झाडे कोठे व किती दाट असावीत, याचा विचार म्हणूनच जागेनुसार करावा लागतो. परंतु पालापाचोळ्याने झाकलेली, मुळांनी सच्छिद्र झालेली जमीन पावसाचे पाणी आत घेते आणि उघडा, कठीण झालेला जांभ्याचा उतार ते खाली लोटतो, हा अनुभव प्रत्येक डोंगराळ गावाचा आहे. त्यामुळे वनशेतीचा विचार करताना डोंगरमाथा, उतार, कुळागर आणि खालचे भातशेत ही एकच साखळी मानावी लागते. वरची कडी तुटली की खालच्या तिन्ही कड्या सैल होतात.

कर्बाचा हिशेब

झाड हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले लाकूड, मुळे व पाने घडविते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कर्ब असतो आणि एक किलो कर्ब साठविण्यासाठी झाडाने हवेतून सुमारे ३.६७ किलो कर्बवायू घेतलेला असतो. म्हणजे फणसाच्या एखाद्या झाडाचे कोरडे वजन ४०० किलो असेल, तर त्यात २०० किलो कर्ब आहे आणि त्यासाठी सुमारे ७३४ किलो कर्बवायू हवेतून कमी झाला आहे.

हा आकडा समाधान देणारा आहे, पण त्याची तुलनाही करून पाहावी. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निर्माण होतो. म्हणजे या झाडाने वर्षानुवर्षे वाढून जे साठविले, ते सुमारे ३२० लिटर पेट्रोलाच्या धुराइतके आहे. एखाद्या कुटुंबाची मोटारगाडी एवढे पेट्रोल थोड्याच महिन्यांत जाळू शकते. तेव्हा झाडे लावली म्हणून इंधनाचा अनिर्बंध वापर क्षम्य ठरत नाही, आणि शहरांच्या धुराची भरपाई करण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणेही न्याय्य ठरत नाही.

असे असले तरी शमनातील वनशेतीचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पॅरिस कराराच्या निमित्ताने भारताने २०१५ साली जाहीर केलेल्या संकल्पात, वने व वृक्षाच्छादन वाढवून २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कर्बवायू सामावेल एवढी अतिरिक्त क्षमता निर्माण करण्याचे उद्दिष्ट आहे. केवळ राखीव वनांतून ते साध्य होण्यासारखे नाही. शेतांच्या बांधांवर व बागायतींत झाडे वाढणे आवश्यक आहे. शिवाय कुळागरातील कर्ब खोडांतच नव्हे, तर मातीतही साठतो. गिरिपुष्पासारखी शेंगावर्गीय झाडे हवेतील नत्र जमिनीत आणतात व त्यांचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरल्यास युरियाची गरज घटते. नत्रखतांच्या अतिरिक्त वापरातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवणारा असल्याने, ही बचत लहान दिसली तरी मोलाची आहे.

सारांश, कर्ब साठविणे हे कुळागराचे जगावरील उपकार होत. माती, पाणी व उत्पन्न राखणे हा मात्र त्याच्या मालकाचा स्वतःचा रोकडा लाभ आहे. बागायतदाराने कुळागर राखावे ते प्रथम या दुसऱ्या कारणासाठी.

एकाच पिकाचा मोह

सुपारीस चांगला भाव आला की एक विचार बळावतो : फणस तोडावा, कोकम व जायफळ काढावे, मोकळ्या झालेल्या प्रत्येक हातभर जागेत पोफळ लावावी. कागदावर हे गणित बिनचूक दिसते. झाडांची संख्या वाढते, मजुरांना एकाच प्रकारचे काम राहते, देखरेख सोपी होते.

परंतु या गणितात तीन गोष्टी धरलेल्या नसतात. पहिली, रोग. सततच्या पावसात पोफळीवर कोळेरोग पडतो व कोवळी सुपारी सडून गळते. त्यावर मोरचूद व चुना यांचे एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाळ्याच्या आरंभी आणि पुन्हा सुमारे ४० ते ४५ दिवसांनी फवारावे लागते. पाऊस उसंतच देईनासा झाला, तर दुसरी फवारणी हुकते. सर्व बाग एकाच पिकाची असेल, तर त्या वर्षीचे सर्व उत्पन्न एका रोगाच्या स्वाधीन होते. दुसरी, ऊन व वारा. आडोशाची झाडे गेल्यावर खोडे भाजण्याचे व मोडण्याचे प्रमाण वाढते. तिसरी, बाजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी खाणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. ज्या मालाच्या भवितव्याविषयी असा प्रश्न उभा आहे, त्या एकाच मालावर पुढील पिढीची सारी भिस्त ठेवणे दूरदर्शीपणाचे नव्हे.

याचा अर्थ जुने ते सर्व जसेच्या तसे ठेवावे, असाही नाही. गर्द सावलीत दमटपणा वाढतो, हवा खेळत नाही आणि कोळेरोगास तेही पोषक ठरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटून प्रकाश व वारा यांस वाट द्यावी. म्हातारी, पोकळ, कलंडलेली झाडे वादळापूर्वीच हेरावी व त्यांच्या जागी नवी लावावी. जायफळ व कोकम यांत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून लावलेले रोप नर निघाल्यास अनेक वर्षांची प्रतीक्षा वाया जाते. यासाठी मादी झाडांपासून केलेली कलमे घेणे श्रेयस्कर. सुधारलेले कुळागर याचा अर्थ मजले कमी केलेले कुळागर असा नसून, प्रत्येक मजला नीट राखलेले कुळागर असा आहे.

कुळागराबाहेरील वनशेती

प्रत्येक शेतकऱ्याकडे झरा व दरी असतेच असे नाही. तथापि कुळागराचे तत्त्व इतर जमिनींनाही लागू करता येते. गोव्यात काजूचे क्षेत्र इतर कोणत्याही पिकापेक्षा मोठे आहे व ते बहुतेक डोंगरउतारावर आहे. नव्या काजूबागेत पहिली काही वर्षे दोन ओळींमधील जागा मोकळी राहते. तेथे उताराला आडवे चर काढून अननसाची लागवड केल्यास माती व पाणी अडते आणि काजू धरण्यापूर्वीच उत्पन्न सुरू होते. बागेच्या सीमेवर गिरिपुष्पाचे जिवंत कुंपण लावता येते.

बांधावर व घराच्या कडेला माणगा हा बिनकाट्याचा, भरीव बांबू लावणे लाभदायक ठरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने वन कायद्यात दुरुस्ती करून वनक्षेत्राबाहेरील बांबूस ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले. त्यामुळे आपल्या जमिनीतील बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले आहे. भातशेतांच्या बांधांवर माड लावण्याची प्रथा तर गोव्यात जुनीच आहे. मात्र भातावर दाट सावली पडेल अशी झाडे बांधावर लावू नयेत, आणि ओढ्याकाठची मूळची झाडी शक्यतो हलवू नये.

अडचणी आणि उपाय

कुळागर दुर्लक्षित होण्यामागे केवळ मोह नाही. माडा-पोफळींवर चढणारे कुशल पाडेली मिळेनासे झाले आहेत. माकडे व गवे यांचा उपद्रव वाढला आहे. वाटण्या होता होता एकाच कुळागराचे अनेक मालक झाले व पाट कोणी दुरुस्त करावा, यावर एकमत होत नाही. घरातील तरुण नोकरीनिमित्त पणजी, मडगाव किंवा त्याही पलीकडे गेले आहेत. या अडचणी खऱ्या आहेत आणि उपदेशाने त्या सुटणाऱ्या नाहीत.

काही मार्ग मात्र उपलब्ध आहेत. शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी मिळून पाडेली ठरविणे, फवारणी एकाच आठवड्यात करणे, पाटाची दुरुस्ती श्रमविभागणीने करणे हे सर्वांत स्वस्त उपाय होत. डोंगरावरील वणवे रोखण्यासाठी उन्हाळ्यापूर्वी सीमेवरील वाळलेले गवत काढून जाळरेषा राखणे, हेही एकट्याचे काम नव्हे. तांत्रिक सल्ल्यासाठी जुने गोवे येथील एला फार्ममध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. आपल्या भागातील विभागीय कृषी कार्यालयातून सिंचन, रोपे व इतर साहाय्याविषयीच्या प्रचलित योजनांची माहिती मिळते. अधिकाऱ्यांनीही रोपांचे वाटप हे काम पूर्ण झाल्याचे लक्षण न मानता, तिसऱ्या वर्षी त्यांतील किती रोपे जिवंत आहेत, याची नोंद ठेवणे इष्ट ठरेल.

खासगी जमिनीतील वृक्ष तोडण्यासंबंधी १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. तोडीपूर्वी वनखात्याकडे चौकशी करून आवश्यक ती परवानगी घ्यावी. हा नियम केवळ बंधन म्हणून पाहू नये. विचार करण्यासाठी मिळालेली ती सवड आहे, कारण साठ वर्षांचा फणस एका सकाळी पडतो, पण पुन्हा साठ वर्षांनीच उभा राहतो.

शाळांसाठी अभ्यास

कुळागराजवळच्या गावांतील शिक्षकांना या विषयासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. पुढील पाच उपक्रम इयत्ता सातवीपासूनच्या विद्यार्थ्यांना करता येतील.

१. दुपारी दोन वाजता कुळागराच्या आत व बाहेर, दोन्हीकडे सावलीत, तापमापक ठेवून तापमान मोजावे. डिसेंबर ते मे दर आठवड्यास नोंद करून आलेख काढावा.

२. गावच्या झऱ्याखाली ठराविक मापाची बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते हे दरमहा मोजावे व दिवसाचे पाणी काढावे. पुढील वर्षीच्या वर्गाने हीच नोंद चालू ठेवावी.

३. दोन समान उतारांवर, एक पालापाचोळ्याने झाकलेला व एक उघडा, पावसाळ्यात खाली वाहून आलेले पाणी बाटलीत घ्यावे. ते स्थिर झाल्यावर तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा.

४. एका कुळागरातील सर्व झाडांची यादी करून कोणते उत्पन्न कोणत्या महिन्यात येते, याचा तक्ता तयार करावा. त्यातून केवळ सुपारी ठेवली तर किती महिने रिकामे राहतात, ते पाहावे.

५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, याची माहिती लिहून काढावी.

यांतील दुसरा व पाचवा उपक्रम विशेष महत्त्वाचा आहे. गावोगावच्या झऱ्यांची दहा वर्षांची नोंद शाळांच्या वह्यांत साठली, तर ती पंचायतीस व कृषी खात्यास डोंगर राखण्याचा निर्णय घेताना उपयोगी पडेल.

उपसंहार

कुळागर उभे करणाऱ्यांना कर्बवायूचे नाव ठाऊक नव्हते. पाणी कोठून येते, कोणत्या झाडाखाली काय वाढते आणि एका पिकाने दगा दिला तर घर कशावर चालवावे, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. हवामान बदलत असताना तेच तीन प्रश्न अधिक निकडीने पुन्हा उभे राहिले आहेत. शास्त्राने त्यांत मोजमापाची, सुधारित कलमांची व ठिबक सिंचनाची भर घातली आहे. जुना अनुभव आणि नवे ज्ञान यांचा मेळ घालून कुळागर राखले गेले, आणि त्याच्या वरचा डोंगरही राखला गेला, तर येत्या पिढीस बाग मिळेल व तिला शिंपण्यास पाणीही मिळेल. डोंगर गेला तर बागेच्या मालकीचा कागद हाती राहील, पण झरा राहणार नाही. हा निर्णय प्रत्येक गावाने, प्रत्येक कुटुंबाने आजच करावयाचा आहे.